जुन्या दमणीचा जीर्णोद्धार

कर्जतहून खोपोलीस जाणारी लहानशी आगगाडी पळसदरी मागें टाकून घाटाच्या पायथ्याशीं येते आणि तेथेंच तिचा मार्ग संपतो. समोर डोंगर उभा असतांना हा फांटा असा एकाएकीं कां थांबला, याचें नवख्या प्रवाशाला नवल वाटतें. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. १८५६ च्या मे महिन्यांत रेल्वे खोपोलीपर्यंत पोंचली. १८५८ च्या जूनमध्यें घाटमाथ्यावरील खंडाळा आणि पुणें यांच्यामध्यें गाडी सुरू झाली. परंतु या दोहोंच्या मधला बोरघाट फोडून तेथें रूळ टाकण्यास १८६३ साल उजाडलें. मधल्या पांच वर्षांत मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी खोपोलीस उतरे आणि पुढचा चढ पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून पार करी. घाटाची ही सडक सर जॉन मालकम यांच्या कारकीर्दींत, १८३० च्या नोव्हेंबरांत, चाकांच्या वाहनांस खुली झाली होती. यंत्राचे हात जेथें पोंचले नाहींत, तेथें बैलाच्या खांद्यानें प्रवास पुरा केला.

माणसांच्या प्रवासासाठीं जी हलकी बैलगाडी वापरीत, तिला महाराष्ट्रांत दमणी म्हणतात. मालाच्या खटाऱ्याहून ती लहान व सुबक असते. दोन चाकें, मध्यें एक आंस, वर बांबूच्या कांबींचें छत, बाजूंना पडदे आणि तळाशीं पेंढा पसरून त्यावर घातलेली गादी, एवढाच तिचा संसार. लेकीबाळी माहेरीं आल्या त्या दमणींतून. वऱ्हाड निघालें तें दमण्यांच्या रांगेनें. आजाऱ्याला वैद्याकडे नेलें तेंही तिच्यांतूनच. मोटारीच्या मागें जोडून न्यावयाचें जें फिरतें घर आज कॅरॅव्हॅन या नांवानें ओळखलें जातें, त्याचें कूळही जनावरांनीं ओढलेल्या अशाच गाड्यांपर्यंत जाऊन भिडतें. १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतील शल्यवैद्यानें ब्रिस्टल येथील कारखान्यांत 'वाँडरर' नांवाची दोन घोड्यांची गाडी बांधवून घेतली आणि तींत राहून इंग्लंड-स्कॉटलंडचा लांबचा प्रवास केला. ती गाडी तिकडे आजही जतन करून ठेवलेली आहे. आपल्याकडील दमण्यांचें काय झालें?

कर्जत-खालापूर भागांत हिंडणाऱ्याला त्याचें उत्तर ठिकठिकाणीं दिसतें. शहरवासीयांच्या शेतघराच्या फाटकाशीं एखादें चाक टेकवून ठेवलेलें असतें. विश्रामगृहाच्या अंगणांत तांबड्या-पिवळ्या रंगांत न्हालेली गाडी फुलझाडांच्या कुंड्या वाहात कायमची उभी असते. जुन्या घराच्या पडवींत मात्र कधीं कधीं पूर्ण दमणी सांपडते. तिच्यावर लांकडें रचलेलीं असतात, खालीं कोंबड्यांनीं घर केलेलें असतें. घरांतील तरुण मंडळी मुंबईहून सुटीला येतात, तिच्यावरील धूळ झटकतात आणि म्हणतात, "ही पुन्हां नीट करावयाची." हेतु उत्तम, पण याच क्षणीं गाडीचें भवितव्य ठरत असतें. ती शोभेची वस्तु व्हावयाची कीं वाहन राहावयाचें, हा निर्णय रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं घ्यावा लागतो.

पहिला नियम असा कीं, आरंभीं गाडीला कांहींच करूं नये. ती धुवूं नये, घासूं नये, रंगवूं नये. प्रथम तिचीं छायाचित्रें घ्यावीं, मापें लिहून काढावीं, सुटे भाग कोठले आहेत त्याच्या चिठ्ठ्या बांधाव्या. गंजलेली कडी, झिजलेली फळी, दोराची विशिष्ट गांठ, या साऱ्या गोष्टी ती गाडी कशी वापरली जात असे त्याचा पुरावा असतात. एका बाजूची फळी अधिक झिजलेली दिसली, तर चढण्या-उतरण्याची बाजू ती, हें कळतें. वाळूच्या कागदानें घासून सारें गुळगुळीत केलें कीं हा पुरावा कायमचा पुसला जातो.

त्यानंतर रोगाची परीक्षा. सह्याद्रीच्या या पायथ्याला वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. लांकडांतील ओलावा शेंकडा वीसच्या वर दीर्घकाळ राहिला कीं बुरशीचें फावतें व लांकूड कुजूं लागतें. जेथें पाणी मुरतें पण वारा लागत नाहीं, तेथें ही कूज आधीं शिरते: सांध्यांत, फळ्यांच्या खालच्या अंगाला, लांकडाच्या कापलेल्या टोकांशीं आणि मातीला टेकलेल्या चाकाच्या भागांत. डोळ्यांना हें बहुधा दिसत नाहीं. सुताराचा टोंचा घेऊन अशा जागीं हलकेच दाबून पाहावें. निरोगी लांकूड टोंच्याला अडवितें. कुजलेल्यांत तो लोण्यांत सुरी जावी तसा शिरतो. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट समजावी. गाडी दगडांवर चढवून, छपराखालीं, वारा खेळेल अशी ठेवावी. ओली गाडी एकदम कडक उन्हांत काढणें मात्र घातक ठरतें. बाहेरचें लांकूड आंतल्याहून आधीं वाळतें आणि त्याला उभ्या चिरा जातात.

आतां मुख्य अवयव, म्हणजे चाक. बैलगाडीच्या चाकाइतकी विचारपूर्वक केलेली दुसरी वस्तु खेड्यांत क्वचितच सांपडेल. मध्यभागीं भरीव तुंबा. त्यांत बसविलेले आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर घेराचे वक्र तुकडे, म्हणजे पुठ्या. आणि या सर्वांना कवटाळून बसलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धांव. तुंब्याला फुटणार नाहीं असें बाभळीसारखें चिवट लांकूड लागतें. दांडीला धामणीसारखें लवचीक लांकूड मानवतें. चाकाचे हे सारे तुकडे कुसूं आणि भोंक यांच्या सांध्यानें एकमेकांत अडकतात. खिळे किंवा सरस यांच्यावर चाकाची भिस्त नसते. त्यांना एकत्र धरून ठेवण्याचें काम धांवेचें.

ही किमया अशी. समजा चाकाचा व्यास साडेचार फूट आहे. त्याचा घेर सुमारें १७० इंच भरतो. लोखंड एक सेंटिग्रेड अंशानें तापलें म्हणजे आपल्या लांबीच्या लाखांत सुमारें १.२ भाग वाढतें. धांव ५०० अंशांनीं तापविली, तर तिचा घेर जवळजवळ एक इंचानें वाढतो. म्हणून लोहार ती मुळांतच चाकाच्या घेराहून थोडी लहान करतो. गोवऱ्या व लांकडें वर्तुळांत रचून तींत धांव तापवितात. ती मंद लाल झाली कीं सांडशीनें उचलून चाकावर चढवितात, घणाचे ठोके देऊन बसवितात आणि लगेच पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लांकूड किंचित् करपतें, आणि आकसणारें लोखंड प्रत्येक पुठीला पुठीकडे व प्रत्येक आऱ्याला तुंब्याकडे दाबीत जातें. सांधे करकरत मिटतात. या एका क्षणासाठीं सुतार आणि लोहार या दोघांनीं आपापलीं मापें अचूक जुळविलेलीं असावीं लागतात. धांव फार सैल झाली तर चाक खिळखिळें राहतें. फार आवळ झाली तर आरे वांकतात किंवा तुंबा चिरतो.

जुन्या चाकाची धांव सैल कां होते, हेंही येथें समजून घ्यावें. लांकूड लांबीच्या दिशेनें जवळजवळ आकसत नाहीं; तें रुंदींत आणि जाडींत आकसतें. त्यामुळें वाळलेल्या चाकांत आऱ्यांची लांबी तेवढीच राहते, पण तुंबा बारीक होतो, पुठ्यांची जाडी घटते आणि सांध्यांत फट पडते. उन्हाळ्यांत शेतकरी गाडी ओढ्यांतून नेतो किंवा चाकावर पाणी मारतो, तें लांकूड फुगावें म्हणून. हा उपाय एका फेरीपुरता असतो. पाणी सुकलें कीं ढिलेपणा पहिल्याहून वाढलेला आढळतो.

यावरून कामाचा हंगाम आपोआप ठरतो. कोंकणपट्टीच्या या भागांत चाकाचें काम होळीपासून वैशाखअखेरपर्यंत, लांकूड पुरतें कोरडें असतां करावें. पावसाळ्यांत फुगलेल्या चाकावर धांव चढविली, तर ती त्या दिवशीं घट्ट बसल्यासारखी दिसते आणि पुढच्या फाल्गुनांत निखळते. घाई करणाऱ्या हौशी माणसाची पहिली चूक हीच असते. दुसरी चूक धांवेखालीं पत्र्याच्या पाचरी ठोकण्याची. पाचर एका जागीं दाब देते. चाकाला दाब सगळीकडून सारखा हवा. तिसरी चूक आऱ्यांना बोल्ट मारण्याची. बोल्टासाठीं पाडलेलें भोंक नेमकें आऱ्याच्या नाजूक जागीं येतें आणि तेथेंच तो मोडतो. योग्य मार्ग असा: धांव उतरवावी, कुजलेले आरे व पुठ्या तेवढ्याच बदलाव्या, धांवेचा तुकडा कापून तिचा घेर कमी करावा, सांधा पुन्हां जोडावा आणि ती तापवून चढवावी. जुनी धांव पुरेशी जाड असेल तर तीच वापरावी.

चाकानंतर आंस. लोखंडी आंसाचीं टोकें वर्षानुवर्षें फिरणाऱ्या तुंब्याच्या खालीं झिजतात आणि बहुधा खालच्या बाजूनें अधिक झिजतात, कारण भार तेथें असतो. झीज थोडी असेल तर तुंब्यांतील लोखंडी नळी बदलून भागतें. टोकाची खीळ मात्र जुनी कधीं ठेवूं नये. चार आण्यांची खीळ तुटली तर चाक निघून माणसें खालीं पडतात. वंगणाला पूर्वीं एरंडेल वापरीत. आज तयार ग्रीस सहज मिळतें आणि तें वापरण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. फक्त जुन्या वंगणांत मिसळलेली वाळू आधीं पुसून काढली पाहिजे, नाहींतर तीच कानशीसारखी लोखंड खाते.

जीर्णोद्धार करणारे सर्वांत अधिक विसरतात तो विषय तोलाचा. दोन चाकांची गाडी हा एक तराजू आहे. आंस ही त्याची धार. पुढच्या टोकाला बैलांच्या खांद्यावरचें जूं. भार आंसाच्या पुढें अधिक झाला तर गाडी धुरजड होते आणि जूं खांद्यावर रुततें. भार मागें अधिक झाला तर ती उलाळ होते. जूं वर उचललें जातें आणि गळ्याखालचे पट्टे बैलांना आंवळतात. हिशेब साधा आहे. जूं आंसापासून आठ फुटांवर असेल आणि साठ किलो वजनाचा मनुष्य आंसाच्या पुढें दोन फुटांवर बसला, तर त्याचा पंधरा किलो भार बैलांच्या खांद्यावर येतो. तोच मागें दोन फुटांवर बसला तर तितक्याच जोरानें जूं वर उचललें जातें. घाटांत या तोलाची परीक्षा होते. चढावर गाडीचा पुढचा भाग वर होऊन भार मागें सरकतो, उतारावर तो पुढें येतो. आणि छत जितकें जड व उंच, तितकें हें सरकणें अधिक. म्हणूनच जुन्या कारागिरांनीं छताला बांबू आणि चटई वापरली. हौसेनें पत्र्याचें छप्पर, जाड फळ्यांचीं बांकें आणि स्पंजाच्या गाद्या घालणारा मालक गाडी सजवितो आणि तिचा तोल बिघडवितो. त्याचा दंड मालकाला भरावा लागत नाहीं. बैलांना भरावा लागतो.

छताचा बांबू पक्व असावा. कोवळ्या बांबूंत पिष्टमय अंश अधिक असतो आणि त्यावर पोखरणारी कीड पोसते. तोडलेला बांबू कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. पाण्यानें हा अंश धुवून निघतो आणि कीड कमी लागते. मग तो सावलींत वाळवून, ऊब देऊन हळूहळू वांकवितात. पडद्यांना जाड सुती कापड पुरतें. लांकडाला चकचकीत रंगापेक्षां उकळलेलें जवसाचें तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, तें पातळ हातानें दोनतीनदां द्यावें. जाड रंगाच्या पापुद्र्याला एक चीर गेली कीं पाणी आंत शिरतें आणि बाहेर पडण्यास त्याला वाट राहत नाहीं. तेल लावलेल्या चिंध्या मात्र गोळा करून ढिगानें ठेवूं नयेत. जवसाचें तेल वाळतांना उष्णता निर्माण होते आणि असे ढीग आपोआप पेटतात. त्या चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्या.

जुनें किती ठेवावें आणि नवें किती घालावें, हा प्रश्न प्रत्येक पायरीला उभा राहतो. सारे आरे, साऱ्या पुठ्या आणि साटा बदलला तर उरेल ती जुन्या गाडीची प्रतिकृति. उलट, प्रत्येक जुना तुकडा राखण्याच्या भक्तीनें कुजलेला आरा तसाच ठेवला तर अपघात ठेवलेला. यांतून मार्ग भार पाहून काढावा. ज्या भागावर माणसांचें वजन तोललेलें आहे, तेथें शंका आली कीं नवें लांकूड घालावें. बाजूच्या फळ्या, कोरीव दांडा, पितळी कड्या, यांवर भार नसतो. तेथें जुनें तेंच राखावें आणि कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लांकडाचा जोड द्यावा. नव्या तुकड्याच्या आंतल्या अंगाला साल कोरून ठेवावें, म्हणजे पन्नास वर्षांनीं पाहणाऱ्याची फसवणूक होत नाहीं.

येथें एक आक्षेप निघतो. रबरी चाकांच्या गाड्या, ज्यांना खेड्यांत डनलॉप गाडी म्हणतात, बैलांना ओढण्यास हलक्या जातात आणि डांबरी सडक खरवडत नाहींत. मग लोखंडी धांवेचा हट्ट कां? रोजच्या कामासाठीं हा आक्षेप पूर्णपणें मान्य केला पाहिजे. ज्या शेतकऱ्याला भाताचे भारे वाहावयाचे आहेत, त्यानें रबरी चाकेंच वापरावीं. परंतु जी दमणी वर्षांतून चारसहा वेळां मातीच्या वाटेवरून देवळापर्यंत जावयाची आहे, तिचीं मूळ चाकें काढून टाकण्याचें कारण नाहीं. बैलांच्या बाबतींत कायद्याची मर्यादाही ध्यानांत ठेवावी. ओझ्याच्या जनावरांसंबंधींच्या १९६५ च्या नियमांप्रमाणें जनावराला दिवसांत नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवांचून सलग पांच तासांहून अधिक जुंपतां येत नाहीं. पारा ३७ अंशांच्या वर जातो अशा भागांत उन्हाळ्यांत दुपारीं बारा ते तीन या वेळीं त्याला कामाला लावण्यास मनाई आहे. समारंभाच्या हौसेंत या गोष्टी सहज विसरल्या जातात.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग कारागिरांचा. लांकूड विकत मिळतें, लोखंड विकत मिळतें. धांव कितीनें लहान ठेवावी हा अंदाज विकत मिळत नाहीं. तो सुताराच्या आणि लोहाराच्या हातांत असतो आणि काम मिळत राहिलें तरच हातांत राहतो. रस्ते डांबरी झाले, माल ट्रकांनीं जाऊं लागला, बोरघाटावर २००२ सालीं द्रुतगति मार्ग पूर्ण झाला आणि त्यावर बैलगाडीला प्रवेशच नाहीं. हें सारें इष्टच झालें. घाटांत बैलांचे हाल पुन्हां व्हावे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु चाकें भिंतीवर टांगलीं गेलीं कीं चाक करणाऱ्याच्या मुलाला तें काम शिकण्याचें प्रयोजन राहत नाहीं. फाटकाशीं टांगण्यासाठीं सैल, कुजकें चाकही चालतें. त्याला धांव चढविणारा लागत नाहीं. माणसें बसवून चालवावयाची एक दमणी दुरुस्त करावयाची झाली, तर मात्र वृद्ध सुताराला बोलवावें लागतें, लोहाराची भट्टी पेटते आणि घरांतील मुलें भोंवतीं उभीं राहून पाहतात. ज्या कुटुंबाला हें करणें शक्य आहे, त्यानें त्या दिवशीं मापें लिहून घ्यावीं, ठोक्यांचा क्रम टिपावा आणि मुख्य म्हणजे एखाद्या तरुण हाताला सांडशी धरूं द्यावी.

काम पुरें झाल्यावर पहिल्याच वर्षीं निश्चिंत होऊं नये. पावसाळा छपराखालीं काढून दिवाळीनंतर आणि पुन्हां होळीच्या सुमारास चाकाची परीक्षा घ्यावी. आंसाखालीं आधार देऊन चाक उचलावें, सावकाश फिरवावें आणि लांकडी हातोडीनें प्रत्येक आऱ्यावर हलका ठोका द्यावा. घट्ट बसलेला आरा खणखणीत आवाज देतो; सैल आऱ्याचा आवाज बोदा येतो. सारे आरे एका आवाजांत बोलले, म्हणजे गाडीला बैल जोडण्यास हरकत नाहीं.